एमआरआय नॉर्मल आला, मग सासूबाई मुद्दाम करतात का?

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका सुनेनं लिहिलंय. नवऱ्याचं पाच एकर वावर, पऱ्हाटी आणि तूर. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, शाळेत कधी गेल्या नाहीत, गळ्यात माळ, सगळा जन्म वावरात राबलेल्या. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि त्यानंतर हळूहळू विसरणं सुरू झालं. भाजीत दोनदा मीठ, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, आणि मागच्या वेचणीच्या दिवसांत रोजच्या पांदणीनं घरी येताना वाट चुकल्या, शेजारच्या गावच्या माणसानं आणून सोडलं. आता सोन्याची पोत सापडत नाही म्हणून "माही पोत तुनंच नेली, मायच्या घरी देऊन आली" असं साऱ्या मोहल्ल्याला सांगतात. पोत एकदा तुरीच्या कोठीत सापडली, एकदा उशीच्या खोळीत, तरी आळ तोच. नागपूरला खाजगीत एमआरआय केला, रिपोर्टवर "एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी, स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस" असं लिहिलंय, आणि दोन मिनिटांत सांगितलं गेलं की वयाप्रमाणे आहे, काळजीचं काही नाही. तेव्हापासून नणंद म्हणते आईचं डोकं ठीक आहे, वहिनीच नीट वागवत नाही. पुण्याचा दीर म्हणतो पेट स्कॅन करा, त्यात सगळं दिसते, नाहीतर कुठं संशोधनात आईचं नाव टाका म्हणजे फुकटात होईल. नवरा बैलजोडी विकायला निघालाय. तिचे प्रश्न: पेट स्कॅन करावा का? रिपोर्ट नॉर्मल आहे तर सासूबाई मुद्दाम करतात का? आणि उद्या नवऱ्यालाही हेच होईल का, त्याचाही आत्ताच स्कॅन करून ठेवावा का?

ताई,

सगळ्यात आधी बैलजोडी. ती विकू नका. पुढे काय लागेल ते तेव्हा पाहू, पण पेट स्कॅनसाठी, तेही पेरणीच्या तोंडावर, दावणीची जोडी काढायची गरज मला तरी कुठं दिसत नाही. का दिसत नाही ते सांगायला जरा लांबण लावते, कारण तुमच्यासारखी पत्रं हल्ली येतच असतात आणि प्रत्येकीच्या हातात कुठला ना कुठला रिपोर्ट असतो ज्याचा अर्थ तिला कोणीच सांगितलेला नसतो.

मुद्दाम करतात का, तर नाही. मी डॉक्टर नाही, आणि डॉक्टरसुद्धा पत्रावरून निदान करत नाही, पण जी बाई लग्न होऊन आल्यापासून त्याच पांदणीनं वावरात गेली-आली ती त्या पांदणीवर हरवते, हे सोंग म्हणून कोणी आणत नाही हो. वयानं विसरणं वाढतं हे खरंय, चष्मा कुठं ठेवला, शेजारणीच्या नातवाचं नाव काय, हे सगळ्यांचंच होतं. पण रोजचं काम, रोजची वाट सुटायला लागली आणि दोन वर्षांत ते वाढतच चाललं तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं नसतं. नुसता फोटो पाहून "काळजीचं काही नाही" म्हणणाऱ्यानं ही पांदणीची गोष्ट ऐकली होती का? तुमच्या पत्रावरून तरी वाटते की कोणी विचारलीच नाही, आणि तुम्हीही सांगितली नाही कारण तुम्हाला वाटलं मशीनच सांगेल.

आता जे बोलते ते जरा मनाला लागेल. तुमच्या पत्रात सासूबाईंच्या तब्येतीच्या चार ओळी आहेत आणि पोतीचं, नणंदेचं, नळावर बाया कशा पाहतात त्याचं दीड पान आहे. चोरीचा आळ काय असतो, तोही खेड्यात, तोही माहेरचं नाव घेऊन, हे मला समजते, त्यामुळे दीड पान का झालं तेही समजते. पण वाचताना मला असं वाटलं की तुम्हाला जो स्कॅन पाहिजे तो सासूबाईंसाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त पाहिजे. नणंदेपुढे टाकायला एक कागद पाहिजे, की पाहा, मी चोर नाही, हा आजार आहे. ताई, असा कागद कुठल्याच मशीनमधून निघत नाही. समजा पेटमध्ये काही दिसलं, तरी ज्याला मानायचं नाही तो म्हणेल पुण्याच्या डॉक्टरनं पैशासाठी लिहिलं. आणि काही दिसलं नाही तर तुम्ही आत्ता आहात त्याच्याहून वाईट जागी जाल, बैलजोडी गेली आणि वरून "पाहा, एवढा मोठा स्कॅन केला तरी आई ठीकच आहे". हा विचार दिरानंही केला नाही आणि तुम्हीही नाही.

आळ घेणं हाच विसरण्याच्या आजाराचा भाग असू शकतो, आणि हे आजचं नाही. १९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या दवाखान्यात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई भरती झाली. तिचं सुरू कुठून झालं, तर नवऱ्यावर विनाकारण संशय घेण्यापासून. मग घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे करायची, लपवून ठेवायची, आपल्याच घरात तिला वाट सापडेना. तिला तपासणारे डॉक्टर म्हणजे आलोइस अल्झायमर, ज्यांचं नाव पुढे या आजाराला मिळालं. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पेशींच्या मध्ये साचलेले गोळे आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगनच्या सभेत त्यांनी ते मांडलं. म्हणजे या आजाराची जी पहिली नोंद आहे तिच्यातच संशय आहे आणि वस्तू लपवणं आहे. होतं असं की माणूस वस्तू जपून ठेवतो, ठेवल्याची आठवण धरली जात नाही, आणि वस्तू जाग्यावर नाही हे मात्र डोळ्याला दिसते, मग डोकं आपलं उत्तर तयार करते की कोणीतरी नेली. आणि नेली कोणी, तर जी चोवीस तास जवळ असते तिनं. नणंदेवर आळ येत नाही कारण नणंद तिथं नसते, एवढंच आहे ते.

तुमच्या एमआरआयकडे येते. तो वाया गेला असं समजू नका. एमआरआय मेंदूचा आकार दाखवतो, कुठं गाठ आहे का, झटका येऊन गेलाय का, रक्त किंवा पाणी साचलंय का हे दाखवतो, आणि म्हाताऱ्या माणसात हे पाहणं फार गरजेचं कारण यातलं काही काही दुरुस्त होते. न्हाणीत पाय घसरून डोक्याला साधा मार लागतो, कोणी लक्ष देत नाही, आणि कित्येक आठवड्यांनी मेंदूच्या वर हळूहळू रक्त साचून माणूस बावचळतो, ते काढलं की पुष्कळदा माणूस परत जाग्यावर येतो (यासाठी साधा सीटी स्कॅनही पुरतो, जवळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात होऊ शकतो). मेंदूच्या पोकळ्यांत पाणी वाढलं तर पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते, लघवी आवरत नाही, आणि सोबत विसरणं, त्यालाही ऑपरेशन आहे. तुमच्या रिपोर्टात यातलं काही नाही. म्हणजे एक मोठी भीती गेली.

पण रिपोर्टातली पहिली ओळ, "एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी" म्हणजे "मेंदू वयाप्रमाणे आकसलाय", याचा अर्थ "आजार नाही" असा होत नाही. ही ओळ सत्तरीच्या पुढच्या कितीतरी लोकांच्या रिपोर्टवर येते, विसरणाऱ्यांच्याही आणि टुणटुणीत असणाऱ्यांच्याही. अल्झायमरमध्ये साधारणपणे आधी आकसतो तो हिप्पोकॅम्पस, कानाच्या सरळ रेषेत मेंदूत खोलवर असलेला छोटा भाग, नवी आठवण तिथं धरली जाते. संशोधनात काही काळाच्या अंतरानं दोन एमआरआय काढून मोजतात, तेव्हा निरोगी म्हाताऱ्यांत तो वर्षाला साधारण दीड टक्का कमी होतो आणि अल्झायमरमध्ये साधारण साडेचार टक्के. पण ही मोजणी कॉम्प्युटरनं केलेली आणि पुष्कळ माणसांची सरासरी. एका माणसाच्या एकाच फोटोवरून सुरुवातीच्या काळात ठाम सांगणं अवघड, आणि सुरुवातीला एमआरआय जवळपास नॉर्मलही दिसू शकतो. बांधावरून पाहिलं तर पऱ्हाटी हिरवीगार दिसते आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, हे तुम्हाला मी काय सांगायचं. एमआरआय बांधावरून पाहतो.

हिप्पोकॅम्पसच्या भागाला डोळ्यानं पाहून ० ते ४ गुण द्यायची पद्धत १९९२ पासून आहे, पण आपल्याकडच्या साध्या रिपोर्टवर तो आकडा पुष्कळदा नसतोच. म्हणून कागदापेक्षा फिल्म आणि सीडी जपा, आणि पुढच्या डॉक्टरला फिल्म दाखवून तेवढं एक विचारा. परत एमआरआय काढायची गरज पडणार नाही कदाचित.

रिपोर्टातली दुसरी ओळ मात्र कोणीच वाचलेली दिसत नाही, आणि माझ्या मते कामाची तीच होती. "स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस" म्हणजे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन झालेले छोटे छोटे डाग, आणि त्याच्या मागे बहुतेक वेळा वय, बीपी आणि शुगर असते. सासूबाईंचा बीपी शेवटचा कधी मोजला? तुमच्या पत्रात बीपीचा उल्लेखही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे आले, वरचा बीपी १४० च्या ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला त्या गटात स्मृतीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी दिसली आणि एमआरआयवरचे हे डागही कमी वेगानं वाढले. पूर्ण डिमेन्शियावर, म्हणजे रोजचं जगणं अडावं इतक्या विसरण्यावर (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), ठाम फरक दिसला नाही हेही सांगितलं पाहिजे, आणि त्या लोकांना सुरुवातीला डिमेन्शिया नव्हता. शिवाय म्हाताऱ्या माणसाचा बीपी एकदम खाली आणला तर चक्कर येऊन पडायची भीती, त्यामुळे किती ठेवायचा ते डॉक्टरनं ठरवायचं. पण बीपी मोजायला पुण्याला जावं लागत नाही, उपकेंद्रात होते, आशाताईला सांगा. डोक्याचा महागडा फोटो काढला आणि दंडाला पट्टा बांधला नाही, हे मी इतक्या घरांत पाहते की वाईट वाटते.

आता पेट. दिराचं म्हणणं अगदीच खोटं नाही, त्यामुळे त्याला वेड्यात काढू नका. अल्झायमर साहेबांना जे गोळे मेल्यावर दिसले ते जिवंत माणसात पाहता यावे यासाठीच ही सगळी धडपड आहे. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात, ते मेंदूत जाऊन त्या गोळ्यांना म्हणजे अमायलॉइडला चिकटते आणि मशीनला दिसते, २००४ मध्ये पहिल्यांदा माणसांवर असं दाखवलेलं संशोधन छापून आलं. पण पेट एक नसतो. आपल्याकडे पेट म्हटलं की बहुतेक ठिकाणी कॅन्सरवाला, साखरेचा, तो मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतो ते दाखवतो. अमायलॉइडचा वेगळा, टाऊ म्हणजे त्या धाग्यांचा वेगळा. यात वापरतात ते किरणोत्सारी फ्लोरीन जवळपास ११० मिनिटांत अर्धं होते, त्यामुळे औषध त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी वापरावं लागते, म्हणून ते सगळीकडे मिळत नाही आणि महाग पडते. दिराला एवढंच विचारा की तुम्ही म्हणता तो पेट यातला कोणता. बहुतेक त्यालाही कोणी सांगितलेलं नसेल.

आणि समजा अमायलॉइड दिसलंच, तरी? २०१५ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा ज्यांची स्मृती एकदम ठीक आहे अशा लोकांतही ५० व्या वर्षी सुमारे १० टक्के आणि ९० व्या वर्षी सुमारे ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड सापडलं. अमेरिकेत १९८६ पासून ६७८ नन्सचा, म्हणजे चर्चच्या साध्वींचा अभ्यास झाला, डेव्हिड स्नोडन नावाच्या संशोधकानं सुरू केलेला, त्यांनी मरणानंतर मेंदू दान केले, आणि काहींच्या मेंदूत आजार पुष्कळ पसरलेला होता पण जिवंतपणी त्या शेवटपर्यंत नीट होत्या. फोटो आणि माणूस दरवेळी जुळत नाही. काही मेंदू मार सहन करतात. हे बळ नुसतं शाळेनंच येते असंही नाही, २०१३ मध्ये हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासात एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया साधारण साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही तो फरक होता. आपल्या भागात वऱ्हाडी, हिंदी, कुठं गोंडी, कुठं कोलामी, कुठं तेलुगू अशा दोन-दोन तीन-तीन भाषा बोलणाऱ्या निरक्षर म्हाताऱ्या कमी नाहीत, त्यांच्याकडे कोणी अशा नजरेनं पाहतच नाही.

पेट कधी करावा हेही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. माणूस साठीच्याही आतला आहे, लक्षणं नेहमीसारखी नाहीत, दोन तज्ज्ञांचं जुळत नाही, आणि उत्तरावरून औषध बदलणार आहे, अशा वेळी तो फार उपयोगाचा. अमेरिकेत ११ हजारांहून जास्त रुग्णांचा अमायलॉइड पेट केला, २०१९ ला निकाल आला, त्यात साधारण १०० पैकी ६० जणांच्या उपचाराची दिशा बदलली, म्हणजे तो काही शोभेचा नाही. आणि अमेरिकेत २०२३ ला लेकानेमॅब आणि २०२४ ला डोनानेमॅब या औषधांना मान्यता मिळाली, ती अमायलॉइड काढतात, त्यासाठी आधी अमायलॉइड आहे हे सिद्ध करावं लागते. मला वाटते दिरानं याच बातम्या वाचल्या. पण ती औषधं अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, घसरण थोडी हळू करतात, गेलेलं परत आणत नाहीत, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. तुमच्या गावातून ते निभेल का, तुम्हीच सांगा. सासूबाईंच्या बाबतीत पेटनं आज जो उपचार होणार आहे त्यात फार फरक पडेल असं मला दिसत नाही.

संशोधनात नाव टाकून फुकट स्कॅन, याबद्दल थोडं. संशोधन व्हायला पाहिजे, आणि आपल्या लोकांवर व्हायला पाहिजे, हे मी मनापासून म्हणते. २००४ ला अमेरिकेत या आजाराच्या स्कॅनचा जो मोठा अभ्यास सुरू झाला, ज्याचे आकडे जगभर वापरतात, त्यातले लोक बहुतेक गोरे आणि पुष्कळ शिकलेले. मेंदूचा आकार ज्या नकाशाशी ताडून पाहतात तोही तिकडचा, २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं १०० भारतीयांच्या एमआरआयवरून आपला नकाशा केला तेव्हा आपला सरासरी मेंदू लांबी-रुंदी-उंचीला तिकडच्यापेक्षा थोडा लहान निघाला (अकलेशी त्याचा संबंध नाही). कर्नाटकात कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरला बेंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चचं काम चालू आहे, ४५ वर्षांवरच्या १० हजार खेड्यातल्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं ठरवून, त्यात एमआरआयही आहे. वावरात राबलेल्या, शाळा न पाहिलेल्या बाईचा मेंदू म्हातारपणी कसा चालतो हे अशा कामातूनच समजेल. पण संशोधनाचा स्कॅन उपचाराचा नसतो. तो कित्येकांच्या सरासरीसाठी असतो, तुमच्या हातात रिपोर्ट येईलच असं नाही, आणि कोणाला घ्यायचं याचे त्यांचे नियम असतात. कोणी विचारलं तर रिपोर्ट मिळेल का, जाण्यायेण्याचं काय, मध्येच सोडता येईल का (आलंच पाहिजे), आणि संमतीचा कागद मराठीत वाचून दाखवाल का, हे विचारा. आणि सासूबाईंना विचारा. त्या विसरतात म्हणून त्यांची हो-नाही संपली असं नाही. एमआरआयच्या बोगद्यात अर्धा-पाऊण तास ठकठक आवाजात झोपायचं आहे, त्या मागच्या वेळी घाबरल्या होत्या असं तुम्हीच लिहिलंय.

मग करायचं काय. रक्ताच्या साध्या तपासण्या, आणि त्या आधी. माळकरी घर, आयुष्यभर शाकाहार, म्हणजे बी-१२ पहिल्यांदा पाहायला पाहिजे, ते कमी असलं तर विसरणं, चिडचिड, पायाला मुंग्या हे सगळं होते आणि इंजेक्शन-गोळ्यांनी भरून काढता येते. थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन, सोडियम, किडनी. सासरे गेल्यापासून सुरू झालं म्हणता, तर उदासीपण तपासून घ्या, म्हातारपणी डिप्रेशन पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, विसरण्यातून दिसते. त्या कोणत्या गोळ्या खातात त्या सगळ्या पिशवीत घालून न्या, मेडिकलवरून परस्पर आणलेल्यासुद्धा, कारण झोपेच्या आणि काही सर्दी-खाजेच्या गोळ्यांनी म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं करते. कान आणि डोळे पाहा. मोतीबिंदू असला तर ऑपरेशन करून घ्या. आणि एक, हे दोन वर्षांचं हळूहळू झालेलं आहे, पण कधी दोन-चार दिवसांत अचानक बिघडलं, उन्हाळ्यात तापून, लघवीच्या इन्फेक्शननं, पाणी कमी पडून, तर ते वेगळं असते आणि लगेच दवाखान्यात न्यायचं असते.

न्यायचं कुठं, तर यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात किंवा सेवाग्रामला, मेडिसिन आणि मानसोपचार दोन्ही विभागात दाखवा. मानसोपचार म्हटलं की नणंद भडकेल, तिला सांगा की विसरण्याच्या चाचण्या तिथं घेतात. चाचणी घेताना स्पष्ट सांगा की आई शिकलेल्या नाहीत. तारीख विचारली, वाक्य लिहायला सांगितलं तर निरक्षर माणूस आजाराशिवायही नापास होतो, म्हणून १९९० च्या दशकात हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांसाठी वेगळी चाचणी तयार करावी लागली होती. आपल्या सासूबाईंना तारखेपेक्षा महिना कोणता, सण कोणता जवळ आला, वावरात सध्या काय चाललंय हे विचारलं तर जास्त समजेल. आणि सगळ्यात मोठी चाचणी तुमच्याजवळ आहे. शाळेची एक जुनी वही घ्या, काय विसरलं, कधी, आधी काय येत होतं आणि आता काय येत नाही, हे लिहीत जा. डिमेन्शियाचं निदान मुळात अशा माहितीवर होते, स्कॅन त्याला मदत करतो. ती वही नेली असती तर त्या दिवशी दोन मिनिटांत उठवलं नसतं तुम्हाला. नुसती आळाची नका लिहू वहीत, सगळं लिहा, चांगलं दिसलं तेही.

अल्झायमरचं निदान झालंच तर डोनेपेझिलसारख्या जुन्या गोळ्या मिळतात, थोडा फरक पडतो काहींना, चमत्कार होत नाही. संशय कमी करायला किंवा झोपवायला कोणी जोरदार गोळी लिहून दिली तर विचारल्याशिवाय सुरू करू नका, अशा काही औषधांनी डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांत झटक्याचा आणि जीवाचा धोका वाढतो. आणि झाडफूक करणाऱ्याकडे नेऊ नका, गावातले सांगत आहेत असं लिहिलंय तुम्ही. त्यांच्या बोलण्याला उत्तरही देत बसू नका.

पोतीचं. खरी पोत नणंदेकडे ठेवायला द्या. चार माणसांसमोर, सासूबाईंसमोर, नवऱ्यानं स्वतः तिच्या हातात द्यायची, तुम्ही नाही. घरात पोतच नाही तर तुमच्यावर आळ कोण घेईल, आणि घेतला तर तो आजार आहे हे नणंदेला पहिल्यांदा तिच्याच डोळ्यांनी दिसेल. सासूबाईंच्या गळ्यात बेंटेक्सची तशीच पोत घालायची का? पुष्कळ लोक घालतात. मला स्वतःला म्हाताऱ्या माणसाला फसवणं आवडत नाही, पण रात्रभर पोत शोधत कोठ्या उपसणारी बाई आणि गळ्याला हात लावून शांत झोपणारी बाई यात मी दुसरी निवडेन. त्यांनी सरळ विचारलं की ही खरी का, तर खोटं बोलू नका, "खरी ताईजवळ जपून ठेवली" सांगा, तेही खरंच आहे. आणि आळ आला की "मी नाही नेली" म्हणून वाद घालू नका, त्यांना ते पटूच शकत नाही, "चला आई, मिळून शोधू" म्हणा, दोन मिनिटं शोधा, मग चहा मांडा, वालाच्या शेंगा सोलायला द्या. हात कामात गेले की पुष्कळदा मन सुटते. सापडली तर विजयी चेहरा करू नका, हे सगळ्यात अवघड, माहीत आहे मला.

नणंदेला आठ दिवस राहायला बोलवा. सणाला नको, सणाला माणसं आली की असं म्हातारं माणूस स्वतःला सावरून धरते, दोन तास एकदम ठीक बोलते, आणि पाहुणा म्हणतो काहीच तर झालं नाही. निंदणाच्या दिवसांत बोलवा, तुम्ही वावरात असाल तेव्हा तिला आईजवळ एकटं राहू द्या. भांडणासाठी नाही, मदत पाहिजे म्हणून बोलवा, आणि खरंच मदत घ्या. दिराला सांगा, पेटसाठी जे पैसे काढणार होता त्यातले थोडे दर महिन्याला पाठव, एक बाई अर्ध्या दिवसासाठी लावते, कानाचं मशीन लागलं तर त्यातून घेते. लांब राहणाऱ्याला काहीतरी मोठं करायचं असतं, त्याला नेमकं काम दिलं की पुष्कळदा तो करतो.

नवऱ्याचा स्कॅन: नको. लक्षणं नसलेल्या माणसाचा अमायलॉइड पेट करू नये असंच तज्ज्ञांच्या नियमांत आहे. आईला झालं म्हणून मुलाला होईलच असं नाही, धोका थोडा जास्त असतो इतकंच. भारतात ६० च्या वरच्यांत सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख, आणि शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायांत जास्त, हे २०२३ मध्ये आलेल्या देशभरच्या अभ्यासातलं. आणि २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं की बीपी, शुगर, कमी ऐकू येणं, नजर, कोलेस्टेरॉल, दारू, बिडी-सिगारेट, डोक्याला मार, एकटेपणा, उदासी, अशा १४ गोष्टी सांभाळल्या तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. नवऱ्याचा बीपी-शुगर तपासा, बिडी सोडवा, मोटरसायकलवर हेल्मेट घालायला लावा. खर्राही सोडवा, तो दुसऱ्याच कारणांनी जीव घेतो.

आणि तुम्ही. पत्रात कुठंच लिहिलं नाही की तुम्ही झोपता किती. सासूबाई रात्री उठून दार उघडतात म्हणता, तर दाराला वरच्या बाजूला कडी लावा आणि एक घंटी बांधा, म्हणजे तुम्हाला अर्धं जागं राहून झोपावं लागणार नाही. एका कागदावर नाव, गाव आणि नवऱ्याचा नंबर लिहून लुगड्याच्या काठाला आतून शिवून टाका, परत पांदणीवर चुकल्या तर कामी येईल. म्हाताऱ्यांसाठी सरकारी हेल्पलाईन आहे, १४५६७, आणि मन भरून आलं, रडू आवरेना, तर १४४१६ वर टेलिमानस, दोन्ही फुकट, मराठीतही बोलतात. दुसऱ्या नंबरावर फोन करायला तुम्ही आजारी असायची गरज नाही. सत्तरीच्या पुढच्या आहेत म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवा, ते मुख्यतः भरती झाल्यावरच्या उपचाराला लागते, आधार घेऊन आशाताईलाच विचारा कुठं काढून देतात ते.

रक्ताचे रिपोर्ट आले की कळवा, बी-१२ चा आकडा लिहा, आणि डॉक्टरनं फिल्म पाहून काय सांगितलं तेही.